कोणता हात, यापेक्षा किती वेळा तोच हात

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांचे पालक भेटायला येतात तेव्हा आधी मुलाच्या बोलण्याचा विषय निघतो, मग झोपेचा, मग शाळेचा. हाताचा प्रश्न येतो तो उठता उठता: “हा कधी उजव्या हाताने खडू धरतो, कधी डाव्या. एका हाताची सवय लावू का?” आज फक्त या प्रश्नाबद्दल बोलतो.

स्वमग्न मुलांच्या हालचाली वेगळ्या असतात, हे काही नव्याने लक्षात आलेलं नाही. १९४३ साली बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. त्यातच काही मुलांच्या चालण्यात अवघडलेपण आहे, अशी नोंद आहे. बोटांचं काम मात्र त्यांना सफाईदार वाटलं होतं. पुढच्याच वर्षी बालरोगतज्ज्ञ हान्स आस्पर्गर यांनीही त्यांच्याकडच्या मुलांचा धांदरटपणा टिपला. तरीही २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठीच्या अमेरिकन नियमावलीत, हात फडफडवण्यासारख्या पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली मुख्य निकषांत आहेत, आणि अडखळती चाल, चवड्यांवर चालणं हे सारं ‘सोबत आढळणाऱ्या’ गोष्टींत. निकषात नाही म्हणून तपासणीत नाही, आणि तपासणीत नाही म्हणून उपचारात नाही, असं होत जातं. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे ८७ टक्के स्वमग्न मुलांना हालचालींच्या अडचणींचा धोका दिसला. ती पालकांनी भरलेली प्रश्नावली होती, प्रत्यक्ष तपासणी नव्हे, त्यामुळे आकडा थोडा हात राखूनच घ्यावा. पण अर्ध्याने कमी केला तरी तो लहान नाही.

आता हाताकडे येऊ. माणसांत साधारण दहातला एक डावखुरा असतो. स्वमग्न व्यक्तींमध्ये डावखुरे आणि मिश्र हाताचे (काही कामं उजव्याने, काही डाव्याने करणारे), दोन्ही जास्त सापडतात. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तर दुपटीहून जास्त. तरीही बहुतेक स्वमग्न मुलं उजवीच असतात. तेव्हा मूल डावखुरं आहे एवढ्यावरून कुणी स्वमग्नतेची शंका काढली, तर ती तिथेच सोडून द्या.

मला डावखुरेपणापेक्षा न ठरलेला हात जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिल्या वर्षात बाळ दोन्ही हात वापरतं. दीड-दोन वर्षांपासून कल दिसू लागतो, तीन-चार वर्षांत बऱ्यापैकी ठरतो, पाच-सहापर्यंत पक्का होतो. (बाळ वर्षाच्या आत सतत एकच हात वापरत असेल तर त्याला हुशार समजू नका, डॉक्टरांना दाखवा, दुसरा हात कमजोर असू शकतो.) स्वमग्न मुलांमध्ये हे ठरणं पुष्कळदा लांबतं. खडू उजवीकडे ठेवला की उजवा हात पुढे येतो, डावीकडे ठेवला की डावा. कागदावर आडवी रेघ ओढायला सांगा: मधोमध आल्यावर मूल खडू दुसऱ्या हातात घेतं आणि उरलेली रेघ त्या हाताने पुरी करतं. शरीराची मधली रेषा ओलांडायची वेळ आली की हात थांबतो. हे पाहायला उपकरण लागत नाही. वस्तू छातीसमोर मधोमध ठेवायची, तेच काम वेगवेगळ्या दिवशी करायला द्यायचं, आणि न बोलता टिपत राहायचं.

दोन्ही हात चालतात, मग बिघडलं काय? बिघडतं ते सरावात. सराव दोन्हीकडे वाटला जातो आणि कुठलाच हात तरबेज होत नाही. कात्री घ्या. एक हात कापतो, पण खरं कौशल्य दुसऱ्या हाताचं, जो कागद धरतो आणि वळवत नेतो. कोणी कापायचं आणि कोणी धरायचं हेच ठरलेलं नसेल, तर कागद चुरगळतो, मूल वैतागतं आणि आपण म्हणतो, लक्ष नाही याचं.

भाषेशी असलेला संबंध लोकांना फार खुणावतो. उजव्या हाताच्या बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते, डावखुऱ्यांपैकीही सुमारे ७० टक्क्यांची तिथेच. त्यावरून ‘हात पक्का केला की बोलणं येईल’ असं सांगणारे भेटतात. त्याला आधार नाही.

पायाबद्दल थोडक्यात. चेंडूला लाथ मारणारा पाय सगळ्यांना दिसतो. मी पाहतो तो दुसरा, अंगाचा भार पेलणारा. तोल राहत नसेल तर मूल कोणत्याही पायाने मारेल, आणि तो पायाचा कल नसून पडण्याची भीती असेल.

मग करायचं काय? हात बांधायचा नाही, ओरडायचं नाही, डावा मागे ओढायचा नाही. वस्तू मधोमध ठेवा आणि हात मुलाला निवडू द्या. एकदा हातात घेतली की काम संपेपर्यंत तोच हात राहील एवढं बघा. बरणीचं झाकण फिरवणं, मणी ओवणं अशी दोन हातांची वेगवेगळी कामं रोज थोडी द्या. पाच-सहा वर्षांनंतरही हात ठरत नसेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा. आणि लिहिणं फारच जड जात असेल, तर कीबोर्ड द्यायला अक्षर सुधारण्याची वाट पाहू नका. त्याला जे सांगायचंय ते तेवढे दिवस अडून राहतं.