फूल दिवसाचं, नक्षी महिन्याची

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'चैत्रातली घरसजावट : फुलं आणि फुलांची नक्षी'. माझा सगळा जीव त्यातल्या नक्षीत आहे. फुलं थोडी आणा, दिवसापुरती आणा, आणि घर महिनाभर फुललेलं दिसायचं काम नक्षीकडे द्या, एवढंच मला पटवायचं आहे. पण आधी तोरणाचं बोलू द्या. पाडवा तोंडावर आलाय, आणि दरवर्षी दारोदार तीच चूक दिसते.

चूक पाण्याची. फुलं ताजी राहावीत म्हणून आपण तोरणावर पाणी शिंपडतो. झेंडू पाणी पितो ते देठातून. देठ तुटला की वरून कितीही पाणी मारा, ते पाकळ्यांच्या घड्यांत नुसतं साचतं. त्यात आपण फुलं ओवतो दाटीवाटीनं. आत वारा नाही, बाहेर ऊन, मधे ओल. दुसऱ्या दिवशी सकाळी मधल्या पाकळ्या काळ्या, बुळबुळीत, आणि उंबऱ्यात शिजलेल्या पालेभाजीचा वास! अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वारातले फुलवाले पाणी मारतात त्याचं कारण वेगळं आहे. त्यांना ढीग दुपारपर्यंत टवटवीत दाखवायचा असतो. आपल्याला झेंडू दारावर टिकवायचा आहे.

म्हणून फुलं आदल्या संध्याकाळी आणा, पिशवीतून लगेच काढा आणि वर्तमानपत्रावर एकपदरी पसरा. पंखा लावू नका, वरचं पाणी आपोआप सुकू द्या. ओवायचं सकाळी. दोरा सुती, दुहेरी. बारीक नायलॉनचा दोरा फुलाची हिरवी वाटी चिरतो आणि संध्याकाळी फुलं टपाटप खाली येतात. सुई पाकळ्यांतून घालू नका. फुलाखाली जी टणक हिरवी वाटी असते, तिच्यातून आडवी घाला. मग प्रत्येक फुलाचं तोंड समोर राहतं, आणि दोन फुलांत बोटाच्या पेराएवढी मोकळी जागा सोडता येते.

तीन फुटांच्या दाराला झोळ धरून साधारण ११० सेंटिमीटर दोरा लागतो. असं मोकळं ओवलं तर मध्यम आकाराची २० ते २५ फुलं पुरतात. किलोभर फुलं लागतच नाहीत, पाव किलोत भागतं. चार फुलांमागे एक आंब्याचं पान.

पानांचंही ऐका. चैत्रात आंब्याला तांबूस, लवलवीत पालवी येते आणि हात तिकडेच जातो. ती तोडू नका. कोवळं पान दुपारच्या झळीत दोन-तीन तासांत मान टाकतं. मागच्या वर्षीचं जून, गडद हिरवं पान घ्या. ते दोन दिवस आपला आकार सोडत नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं, देठाचा चीक निथळू द्यायचा, मगच ओवायचं. दार पश्चिमेला असेल तर चौकटीच्या बाहेर न बांधता आतल्या अंगाला बांधा. उन्हात फूल सुकतंच, ते पाण्यानं थांबत नाही.

मोगऱ्याची गोष्ट थोडी वेगळी. तो कळ्यांचाच घ्यायचा, घट्ट पिळलेल्या ओल्या सुती फडक्यात ठेवायचा. थेंब बसला की पाकळीवर तपकिरी डाग पडतो. कळ्या संध्याकाळी उमलतात, वास रात्री सुटतो; तेव्हा तो दारावर कशाला? उशाशी पितळी वाटीत ओंजळभर ठेवा.

निशिगंधाची दांडी घ्याल तेव्हा खालची दोन-तीन फुलं उमललेली आणि वरच्या कळ्या भरलेल्या बघून घ्या. ती खालून वर उमलत जाते. घरी आल्यावर बादलीत, पाण्याखालीच, देठ तिरका दोन सेंटिमीटर कापायचा, म्हणजे देठात हवेचा बुडबुडा अडकत नाही. पाण्यात बुडणारी पानं काढायची, पाणी रोज बदलायचं. जरबेराला मात्र तीन बोटं पाणी बस. त्याचा देठ पोकळ, लवदार. खोल पाण्यात तो कुजतो आणि फूल वाकतं. शिवाय आंब्याची आढी आणि फुलदाणी एका खोलीत नको. पिकणारा आंबा इथिलीन वायू सोडतो, त्यानं गुलाब आणि कार्नेशन लवकर गळतात. आंबा ही काय खोलीबाहेर ठेवायची वस्तू आहे का, असं पहिल्या रांगेतल्या काकूंच्या चेहऱ्यावर दिसतंय. बरोबर आहे काकू, फुलदाणी हलवा!

जोतिबाच्या यात्रेहून दवणा आणाल, तो देवापुढे वाळून जाऊ देऊ नका. जुडी सैल बांधून सावलीत उलटी टांगा. वाळल्यावरही त्याचा वास राहतो. मग फडक्यात बांधून कपाटात ठेवा.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. आता नक्षी, भरभर.

चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गौर माहेरी असते आणि अंगणात चैत्रांगण, म्हणजे चैत्रातली रांगोळी, असतं. आता अंगण गेलं, पांढरी टाइल आली, तिच्यावर पांढरी रांगोळी दिसत नाही. टाइलवर गेरू लावला तर पोपडे निघतात. उपाय सोपा: दोन फूट चौरस शहाबादी फरशीचा तुकडा, त्यावर पातळ गेरूचे दोन हात, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. महिनाभर दाराशी ठेवा.

कमळ वाकडं होतं, कारण आपण एका पाकळीपासून गोल फिरत जातो आणि शेवटच्या पाकळीला जागा उरत नाही. आधी दोऱ्यानं वर्तुळ काढा. तोच दोरा, म्हणजे तीच त्रिज्या, परिघावर सहा वेळा मोजा. बरोबर सहा खुणा पडतात. समोरासमोरच्या पाकळ्या जोडीनं काढा.

किनारीला आकार कुठून आणायचे? कोल्हापुरी साज बघा. कमळ, चंद्र, शंख, कासव, बेलपान. यातलं बरंचसं चैत्रांगणातही आहे. रोज एक आकार घ्या, किनार आपोआप भरत जाईल.

पडद्यांचं एका वाक्यात: मोठ्या फुलांची छपाई खोलीत एकाच कापडावर, बाकी सगळं साधं किंवा बारीक बुट्टीचं, दोन मोठ्या फुलांची कापडं शेजारी आली की डोळा कुठंच थांबत नाही.

आणि दाराला खणाचं कापडी तोरण शिवून घ्या, पाडवा झाल्यावर तेच राहू दे. त्याच्या मधल्या टोकाला एक लूप ठेवा, रोज सकाळी त्यात एकच ताजं फूल. ते मात्र कोरडं करून लावा. ओल्या झेंडूचा पिवळा डाग खणावरून जात नाही.