मैदान : पाच ते सात

(लाल माती. पिवळी-हिरवी जाळीची बनियनं.)

संघ पाडताना सर नाव विचारत नाहीत, वाडा म्हणजे वस्ती विचारतात. एकाच वाड्यातली दोन पोरं शेजारी उभी दिसली, की एकाला पिवळं बनियन, दुसऱ्याला हिरवं. कुरकुर होते. सर काणाडोळा करतात आणि शिट्टी मारतात.

हे गोव्यातलं वास्को. बंदर, रेल्वे, गोदी यांच्या कामावर कर्नाटकातून, महाराष्ट्रातून, आंध्रातून माणसं आली. त्यांची मुलं-नातवंडं इथलीच. मैदानावर कन्नड, हिंदी, मराठी सगळं कानावर पडतं. चेंडू मात्र प्रत्येक जण कोंकणीत 'दी रे!' म्हणूनच मागतो.

भांडणाला कारण लागत नाही. कुणी रील टाकतं, खाली कुणी शिवी लिहितं, कुणाच्या तरी बहिणीचं नाव निघतं. रात्री नाक्यावर दोन गाड्या येऊन थांबतात. मागे 'भाई' म्हणवणारा एखादा असला, तर तो स्वतः पुढे येत नाही. 16-17 वर्षांची पोरं त्याला स्वस्त पडतात.

(ऑम्लेटचा गाडा. वाफ. दोन प्लेट.)

हे दादा. एके काळी हेही नाक्यावरचेच, आत जाऊन आलेले. म्हणून पोरं यांचं ऐकतात. आमचं ऐकलं नसतं. कुठे खुन्नस धरलीय, हे दादांना पोलिसांच्या आधी कळतं. भडकलेल्याला ते गाड्यावर आणतात, रोस-ऑम्लेट (रस्सा घातलेलं) मागवतात, पाव जास्तीचा. उपदेश नाही. 'माफ कर' तर नाहीच, पोरगा ताट सोडून उठेल. त्याला सगळं बोलू देतात. शेवटी इतकंच : "आज घरा वच. फाल्यां पळोवया." (आज घरी जा. उद्या बघू.) आणि दारापर्यंत सोबत जातात. दुसऱ्या दिवशी पोराला मित्रांत सांगता येतं, 'दादा मधे पडला म्हणून सोडला त्याला.' नाक शाबूत राहतं.

शिकागोत साथरोगांचे डॉक्टर गॅरी स्लटकिन यांनी 2000 साली सुरू केलेल्या कामात पुढे अशाच माणसांना पगारावर नेमलं. त्यांचं म्हणणं, हिंसा लागण झाल्यासारखी पसरते. साखळी मधेच तोडायची. आमच्या दादांना पगार नाही. ऑम्लेटचे पैसेही तेच देतात.

मधे कुणी पडलं नाही, तर एक इस्पितळात, दुसरा मेरशीच्या 'अपना घर' या बालसुधारगृहात. आणि खुनासारखा गुन्हा असेल तर 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार 16 ते 18 वयाच्या मुलावर प्रौढासारखा खटलाही चालू शकतो.

(अंधारतंय. चेंडू दिसेनासा.)

2012 साली सरकारनं फुटबॉल हा गोव्याचा राज्य खेळ म्हणून जाहीर केला. या मैदानाला दिव्याचा खांब एक, तोही रस्त्याचा. सातला खेळ थांबतो आणि पोरं नाक्याकडे वळतात. दोन दिवे लागले, तर नऊपर्यंत खेळतील. मागणी एवढीच आहे.

रविवारी सामना. दोन्ही वाड्यांचा मिळून एक संघ उतरतोय. गोलकीपर कोणत्या वाड्याचा, यावर अजून वाद चालू आहे.