आधी चटई, मग रफू

श्रोतेहो, नमस्कार.

‘मॉन्टेसरी’ ही पाटी आता गल्लोगल्ली दिसते. पाटी लावणाऱ्या किती शाळा मंद मुलाला दारातून आत घेतात, हा प्रश्न मी इथे नुसता टाकून ठेवतो. कारण मारिया मॉन्टेसरी यांची सगळी पद्धत निघाली ती अशाच मुलांच्या वर्गातून. आज त्यांची आठवण विशेष मुलांच्या बाई म्हणून, आणि एका मुलाची आई म्हणून.

जन्म ३१ ऑगस्ट १८७०, इटलीतल्या किआरावाल्ले गावी. १८९६ मध्ये रोमला डॉक्टर झाल्या. तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात मोठ्या रुग्णांबरोबरच बुद्धीने मागे पडलेली मुलंही डांबलेली असत. बाईंनी ठामपणे मांडलं की, या मुलांचा प्रश्न औषधाचा कमी आणि शिकवण्याचा जास्त आहे. इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांनी अशा मुलांना शिकवून पाहिलं होतं. त्यांची पुस्तकं बाईंनी अक्षर न् अक्षर हाताने इटालियनमध्ये उतरवून काढली. मग रोममध्ये अशा मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी शाळा निघाली. तिथे दोन वर्षं सकाळी आठ ते संध्याकाळी सात त्या स्वतः मुलांत असत. ही दोन वर्षं म्हणजेच आपली शिक्षणशास्त्रातली खरी पदवी, असं त्या पुढे म्हणत.

आता त्या शाळेतली एक गोष्ट सांगतो. आजच्या बोलण्याचा गाभा तोच आहे.

एक मुलगी होती, अकरा वर्षांची. हातात ताकद होती, बोटं नीट चालत होती. पण शिवण काही केल्या जमेना. शिवणाची पहिली पायरी रफू, म्हणजे उभ्या धाग्यांतून सुई एकाखालून, दुसऱ्यावरून काढत न्यायची. तीही जमेना. कोणीही म्हणालं असतं, अजून सराव द्या. बाईंनी उलट केलं. सुई काढून घेतली आणि मुलीला कागदाची चटई विणायला बसवलं.

ही चटई तुम्हाला ठाऊक आहे, कार्यानुभवाच्या तासाला केलेलीच. उभ्या पट्ट्या वर-खाली पक्क्या, आणि त्यांतून आडवी पट्टी घालायची. खालून, वरून, खालून, वरून. मुलीचा हात त्यात बसला. मग बाईंनी तिला परत रफूकडे आणलं, आणि आता ते तिला करता येऊ लागलं! तेव्हापासून त्या शाळेत शिवणाचा वर्ग चटईनेच सुरू होऊ लागला.

झालं काय, ते नीट ऐका. रफूत सुई धरायची, धागा ओढायचा आणि खाली-वर लक्षात ठेवायचं, हे सगळं एकदम येतं. चटईत सुई नाही, धागा नाही, राहिलं फक्त खाली-वर. म्हणजे काम बाजूला ठेवून हाताची हालचाल आधी वेगळी काढून पक्की केली. पुन्हा सांगतो: आधी हालचाल, मग काम. आधी चटई, मग रफू.

घरी करून बघणाऱ्या पालकांसाठी थोडं तपशिलात सांगतो. जुनं कॅलेंडर किंवा लग्नपत्रिकेसारखा जाड कागद घ्या. पतंगाचा कागद फाटतो, गुळगुळीत चकचकीत कागद घसरतो. वीस सेंटिमीटरचा चौकोन घ्या, चारही कडांना दोन-दोन सेंटिमीटर सोडा आणि मधे दोन-दोन सेंटिमीटरवर उभ्या चिरा द्या. कड याहून अरुंद ठेवलीत तर मुलाने जोर लावला की टरकन फाटते. आडव्या पट्ट्याही दोन सेंटिमीटरच्याच, पण थोड्या कमीच रुंद कापा, म्हणजे अडकत नाहीत. पट्टीच्या टोकाला चिकटपट्टी लावली की ती कडक होते, दुमडत नाही.

हमखास चूक होते ती दुसऱ्या ओळीत. पहिली पट्टी खालून सुरू केली, तर दुसरी वरून सुरू व्हायला हवी. मूल दुसरीही खालूनच घालतं. मग वीण अडकतच नाही, पट्ट्या सुटून हातात येतात. यावर तोडगा रंगाचा: लाल पट्टी नेहमी खालून, पिवळी नेहमी वरून. मोजणं लागत नाही, रंगच सांगतो. आणि मुलाच्या समोर बसून दाखवू नका, त्याला सगळं उलटं दिसतं. शेजारी किंवा मागे बसा. चटई जमली की गोणपाट, बोथट सुई आणि लोकर. कापड आणि बारीक सुई त्यानंतर.

हाच धागा बाईंनी लिहिण्यापर्यंत नेला. पेन्सिल देण्याआधी अक्षरावरून बोट फिरवायला लावलं. पुढे ती काचपेपरची अक्षरं झाली. (हल्ली हा संच बाजारात महागडा मिळतो. सुताराकडचा बारीक काचपेपर, कात्री आणि पुठ्ठा यांत तोच होतो. फार भरड मात्र नको, बोटं दुखली की मूल हात मागे घेतं.) त्या शाळेतली काही मुलं साध्या शाळेतल्या मुलांबरोबर लेखन-वाचनाच्या परीक्षेला बसली आणि पास झाली. लोक थक्क झाले. बाईंना प्रश्न पडला की मग धडधाकट मुलं एवढी मागे का? त्या प्रश्नातून ६ जानेवारी १९०७ ला रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत त्यांचं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडलं.

आता आई. ३१ मार्च १८९८ ला त्यांना मुलगा झाला, मारियो. वडील म्हणजे त्याच शाळेतले सहकारी डॉक्टर मोन्तेसानो. लग्न झालेलं नव्हतं. त्या काळात हे उघड झालं असतं तर बाईंचं काम तिथेच संपलं असतं, म्हणून बाळ खेड्यातल्या एका कुटुंबात वाढलं. पंधराच्या आसपासचा झाल्यावर तो आईकडे आला आणि शेवटपर्यंत तिच्या कामात राहिला. पण लोकांसमोर तो कधी भाचा असे, कधी दत्तक मुलगा. लोक यावर बाईंना बोल लावतात. माझं मत विचाराल, तर बोल लावायचाच असेल त्यांनी तो त्या समाजाला लावावा.

१९३९ मध्ये दोघं मद्रासजवळ अड्यारला आली. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि इटालियन माणूस इंग्रज सरकारचा शत्रू ठरला. बाईंना अड्यारमध्येच राहायला सांगितलं आणि मारियोला नेलं ते थेट आपल्या अहमदनगरच्या छावणीत. (दोनच वर्षांनी नेहरूही नगरच्याच किल्ल्यात आले. नगरने कोणाकोणाला सांभाळलं, याची एकदा नीट यादी करायला हवी.) ३१ ऑगस्टला बाईंना सत्तर वर्षं पूर्ण झाली. त्या दिवशी व्हाइसरॉयची तार आली: वाढदिवसाची भेट म्हणून तुमचा मुलगा तुम्हाला परत देत आहोत. भाचा नाही, दत्तक नाही, मुलगा! सरकारी कागदावर तो शब्द आला, आणि बाईंनी तो खोडला नाही.

मायलेक १९४६ पर्यंत भारतात राहिले आणि शिक्षकांचे वर्ग घेत राहिले, कोडाईकनाललाही. ६ मे १९५२ ला हॉलंडमधल्या नोर्डवाइक इथे बाई गेल्या. त्यांनी १९२९ मध्ये काढलेली आंतरराष्ट्रीय संस्था पुढे मारियोने चालवली, १९८२ मध्ये स्वतः जाईपर्यंत. नमस्कार.