आधी खाजगी, मग ससून

नमस्कार मंडळी. मी डॉक्टर नाही, दादाच्या आजारपणात दीड महिना हॉस्पिटलच्या बाकड्यावर काढलेली बहीण आहे, तेवढ्याच अधिकाराने बोलणार आहे.

2025 च्या जानेवारीत आपल्या या पुण्याच्या सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी पट्ट्यात जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते तो आजार, पसरला तो तुम्हाला आठवत असेलच. दादाला आधी जुलाब झाले, मग आठवड्याने पायात मुंग्या, आणि एका सकाळी त्याला संडासातून उठताच येईना. वहिनी म्हणाली ससूनला, सरकारी हॉस्पिटलात नेऊ. मी म्हणाले, वेडी आहेस का, तिकडे कोण बघतंय? हे वाक्य माझं होतं, ते मला अजून टोचतं. खरं कारण तर वेगळंच होतं, नातेवाईक म्हणतील सख्ख्या भावाला सरकारीत टाकला.

जवळच्या खाजगी हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी लगेच ओळखलं आणि उपचार चालू केले, त्याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे. पण पैशाचं आम्हाला कोणी नीट सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. आयव्हीआयजीचं, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडीजचं, इंजेक्शन वजनावर देतात, किलोमागे रोज 0.4 ग्रॅम, पाच दिवस. म्हणजे 65 किलोच्या माणसाला 130 ग्रॅम. आम्ही फक्त त्या पाच दिवसांचे पैसे मोजले, दागिने गहाण ठेवले, वाटलं झालं. पण या आजारात इंजेक्शन संपलं की माणूस उठून बसत नाही ना, नसा सावरायला आठवडे लागतात, कधी महिने, आणि श्वासाचे स्नायू गेले तर तेवढे दिवस व्हेंटिलेटर, आणि आयसीयूचं मीटर रोज चालूच. तेराव्या दिवशी पैसे संपले. मग व्हेंटिलेटरवरच्या माणसाला अँब्युलन्समध्ये घालून ससूनला आणलं, तो बेड मिळायलाही दीड दिवस फोनाफोनी केली होती. त्या प्रवासात मी जी भीती खाल्ली ती कुणाच्या वाट्याला येऊ नये.

ससून 1867 चं, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं, बीजे मेडिकल कॉलेजचं शिकवण्याचं हॉस्पिटल. गर्दी आहे, संडास घाण असतात, स्ट्रेचर स्वतः ढकलावं लागतं, रिपोर्टसाठी एक माणूस दिवसभर पळायला लागतो, हे खोटं कशाला सांगू. पण व्हेंटिलेटर तोच आणि औषधंही तीच, आणि रात्री तीनला ती बीजेची पोरगी, रेसिडेंट डॉक्टर, दादाचा हात उचलून ताकद बघायची. साथीत तर महापालिकेने कमला नेहरू हॉस्पिटलात जीबीएसचे उपचार मोफत जाहीर केले होते, आम्ही तोवर दागिने ठेवून बसलो होतो.

म्हणून सांगते, खाजगीत जा, जरूर जा, पण पहिल्याच दिवशी विचारा की किती दिवस लागू शकतात, रोजचा खर्च किती, आणि पैसे संपले तर पेशंट कुठे हलवायचा. 2021 च्या नियमांनुसार नर्सिंग होमला, म्हणजे खाजगी हॉस्पिटललाही, दराचा बोर्ड लावणं बंधनकारक आहे, बोर्ड दिसला नाही तर मागा. हॉस्पिटल धर्मादाय असेल तर वर्षाला 1.80 लाखापर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना 10 टक्के खाटा मोफत आणि 3.60 लाखापर्यंतच्यांना आणखी 10 टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. आणि सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखापर्यंत उपचार मिळतात, योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारा माणूस, बसतो, भरती करतानाच त्याला गाठा, बिल झाल्यावर जाऊन उपयोग नाही.

आमचं तिथेच अडलं, योजनेसाठी रेशन कार्ड मागितलं. दादाचं नाव गावच्या रेशन कार्डावरून कमी केलेलं आणि इथल्या कार्डावर चढवायचं राहिलेलं, तीन वर्षं आज करू उद्या करू. दादा आज आलाय, तिथे मागे काठी घेऊन बसलाय. ज्यांचं कुणाचं नाव चढवायचं राहिलंय त्यांनी चहा झाल्यावर थांबा, फॉर्म आणलेत, वहिनी भरून देईल.