प्रीकास्टच्या सांध्यात काय भरलंय?

(वाशीत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन, थोडं आटोपशीर करून)

नमस्कार मंडळी. समोर निम्मे लोक साइटवरचे दिसतायत आणि निम्मे तळोजा, खारघर, बामणडोंगरीकडे घर घेतलेले किंवा घ्यायच्या विचारात असलेले, त्यामुळे फॉर्म्युले बाजूला ठेवतो आणि दोघांच्याही कामाचं बोलतो. सिडकोने 2022 मध्ये बामणडोंगरीला 96 दिवसांत 96 फ्लॅट उभे केले, मिशन 96, तेव्हापासून लोक मला विचारतात की सर, एवढ्या घाईत बांधलेलं टिकेल का हो? तर काँक्रीटची काळजी करू नका. हे प्रीकास्ट बांधकाम, म्हणजे भिंती, स्लॅब, जिने आधीच यार्डात स्टीलच्या साच्यात ओतलेले असतात, सावलीत, हाताशी लॅब असते, आपल्या नेहमीच्या साइटवरच्या मालापेक्षा ते सहसा चांगलंच निघतं. माझी काळजी सुरू होते तुकडा क्रेनच्या हुकाला लागला की, आणि तो शेजारच्या तुकड्याला नीट जोडला जाईपर्यंत ती संपत नाही.

साध्या आरसीसीत कॉलम, बीम, स्लॅब जागेवरच ओतले जातात, सळया एकातून दुसऱ्यात आरपार जातात. प्रीकास्टमध्ये तुम्ही सगळं आधी वेगळं करता आणि मग ते परत एकजीव करायचं काम सांध्यावर टाकता. लंडनमधली रोनन पॉइंट नावाची 22 मजली बिल्डिंग, 16 मे 1968, अठराव्या मजल्यावरच्या किचनमध्ये गॅसचा स्फोट झाला, बाहेरची भिंत सुटली, वरचे मजले खाली आले आणि त्यांच्या वजनाने खालचे, अख्खा कोपरा गेला, 4 माणसं दगावली. स्फोट तसा फार मोठा नव्हता, पण भिंत आणि स्लॅब एकमेकांना धरूनच नव्हते, नुसत्या वजनावर आणि घर्षणावर बसलेले. पुढे 1986 मध्ये ती बिल्डिंग सुटी करून उतरवली तेव्हा सांध्यांमध्ये मॉर्टरऐवजी वर्तमानपत्राचे बोळे सापडले! आणि आपल्याकडे भुजचा भूकंप, 26 जानेवारी 2001, कच्छमध्ये नुकत्याच बांधलेल्या प्रीकास्ट शाळांची छतं कोसळली कारण छताचे पॅनेल आधारावर नुसते टेकवल्यासारखे होते. प्रजासत्ताक दिन होता म्हणून वर्ग भरले नव्हते. आजही तो विचार मनात आला की मला त्रास होतो.

म्हणून डिझाइनमध्ये आपण टाय, म्हणजे तुकडे एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या सळया, घालतो, आडवे, उभे, बाहेरच्या कडेने, म्हणजे एखादी भिंत गेली तरी वरचा मजला लटकून राहावा. आयएस 15916 या भारतीय मानकात हे सगळं आहे. पण ड्रॉइंगमधला टाय आणि साइटवरचा टाय यात फरक पडतो, आणि तो कुठे पडतो ते सांगतो. खालच्या भिंतीतून सळई वर आलेली असते, वरच्या भिंतीत स्लीव्ह, म्हणजे पोकळ नळकांडं असतं, भिंत सळईवर उतरवायची आणि खालच्या नळीतून नॉन-श्रिंक ग्राउट, म्हणजे न आकसणारा पातळ सिमेंटचा माल, पंप करायचा, वरच्या नळीतून बाहेर येईपर्यंत. आता सळई 20 मिमी सरकलेली आहे, भिंत क्रेनला लटकतेय, क्रेनचं भाडं तासावर चालू आहे, पाऊस येईल असं वाटतंय. अशा वेळी मी माणसाला गॅस कटर घेऊन सळई तापवून वाकवताना बघितलंय, आणि एकदा तर ग्राइंडरने सरळ कापताना. कापलेली सळई भिंत बसल्यावर कोणालाही दिसत नाही! ग्राउटचंही तसंच, पिशवीवर पाणी किती ते लिहिलेलं असतं, पण पंप होत नाही म्हणून कोणीतरी मग्गाभर जास्त ओततो, ग्राउट सळसळ वाहतो, सगळे खूश, आणि ताकद घटलेली, वर पोकळी राहिलेली. सुपरवायझर लोकांना माझं एवढंच सांगणं आहे, सळई बसत नसेल तर भिंत परत खाली ठेवा आणि डिझायनरला फोन करा, क्रेनचा एक दिवस गेला तर जाऊ दे.

आता प्रीस्ट्रेसिंग. गावाकडे बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ज्यांनी बघितलंय त्यांना हे लगेच कळेल, धाव तापवून बसवतात, ती निवताना आकसते आणि आख्खं लाकडी चाक आवळून धरते, ओझं यायच्या आधीच. काँक्रीट ताणात कमजोर, म्हणून आतल्या पोलादाला ताणून त्याला आधीच दाबून ठेवायचं. कल्पना जुनी होती पण फसत होती, कारण काँक्रीट वर्षानुवर्षं आकसत राहतं. 10 मीटरच्या बीममध्ये साधी सळई ताणली तर ती लांबते जेमतेम 7 मिमी, आणि तेवढं तर काँक्रीटच आकसतं, म्हणजे ताण खलास. फ्रेंच इंजिनियर युजीन फ्रेसिने, त्यांचं पेटंट 1928 चं, त्यांनी ओळखलं की तार अशी हवी जी 70 मिमी ताणता येईल, मग त्यातले 7 गेले तरी 63 उरतात. आज आपली 12.7 मिमीची स्ट्रँड, म्हणजे पीळ दिलेल्या तारांची दोरी, करंगळीएवढी, तिच्यावर जॅकने साधारण 14 टन ओढ देतात.

पण एवढ्या ताणलेल्या बारीक तारांना गंज चालत नाही. साधी सळई गंजली तर फुगते, तिच्यावरचं काँक्रीटचं कव्हर फुटतं, आपल्याला कळतं. स्ट्रँड बऱ्याचदा काही न सांगता तुटते. वेल्समधला यनिस-अ-ग्वास पूल 4 डिसेंबर 1985 ला असाच गेला, सेगमेंटच्या, म्हणजे पुलाच्या तुकड्यांच्या, सांध्यांतून पाणी ताणलेल्या केबलपर्यंत पोचलं होतं, त्यानंतर ब्रिटनने 1992 मध्ये ग्राउट केलेल्या केबलचे नवे पूल काही वर्षं बंदच केले. 1986 च्या जुलैत पणजीला मांडवीवरचा पूल पडला, तोही प्रीस्ट्रेस्ड. आणि आपला इथला वाशीचा पहिला खाडीपूल, 1973 चा, त्याच्याही केबल्सना गंजाने गाठलं, जड वाहनं बंद करावी लागली, 1997 ला शेजारी दुसरा आला. खाडीची खारी हवा तीच आहे, अटल सेतूचे सेगमेंटही त्याच हवेत उभे आहेत, म्हणून डक्टमधला, म्हणजे केबलच्या नळीतला, ग्राउट पूर्ण भरलाय की नाही ही बारीकसारीक बाब नाही, पुलाचं आयुष्य त्यावर ठरतं.

उचलण्याबद्दल थोडक्यात. प्रीस्ट्रेस्ड गर्डर, म्हणजे पुलाची लांब तुळई, तिरका झाला किंवा टेकू भलतीकडे दिला तर स्वतःच्याच केबलमुळे तडकू शकतो, आणि शेजारच्या गर्डरला बांधेपर्यंत तो कलंडू शकतो. लाँचिंगचं, म्हणजे गर्डर जागेवर चढवायचं, काम किती धोक्याचं असतं ते ठाणे जिल्ह्याला वेगळं सांगायला नको, ऑगस्ट 2023 मध्ये शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर लाँचर आणि गर्डर कोसळून 20 कामगार गेले. तात्पुरत्या अवस्थेचं डिझाइनही डिझाइनच असतं, ते क्रेनवाल्याच्या अंदाजावर सोडू नका.

शेवटी घरवाल्यांसाठी. या ताई मघाशी विचारत होत्या की हॉल मोठा करायला मधली भिंत काढली तर चालेल का. नाही चालणार ताई, प्रीकास्ट फ्लॅटमधली बरीचशी भिंत हाच कॉलम असतो, एसीच्या पाइपसाठी भोक पाडायचं तरी ड्रॉइंग बघूनच. ठाण्यातल्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये पोस्ट-टेन्शन स्लॅब असतात, म्हणजे काँक्रीट ओतल्यावर आतल्या केबल ताणलेले, तिथे भोक पाडणाऱ्या कोअर कटिंगवाल्याला बोलवायच्या आधी केबल कुठून जाते ते स्कॅन करून घ्या, कापलेली केबल जोराने उसळते आणि माणूस जायबंदी होतो. सोसायटीने ताबा घेताना बिल्डरकडून ॲज-बिल्ट ड्रॉइंग, म्हणजे प्रत्यक्षात जसं बांधलं तसं दाखवणारं ड्रॉइंग, आणि ग्राउटिंगचे रेकॉर्ड मागून घ्यावेत, तेव्हा मिळतात, दहा वर्षांनी कोणी देत नाही. आणि बाहेरच्या पॅनेलमधल्या सांध्यांचं सीलंट, म्हणजे पाणी अडवायला भरलेली लवचिक पेस्ट, पॅनेलइतकं टिकत नाही, ते काही वर्षांनी बदलावंच लागतं, तर सिंकिंग फंडात त्याची तरतूद पहिल्या एजीएमलाच टाका.