मुकादम स्वतःच मागावर बसतो तेव्हा

(दृश्य: सोलापूर, पूर्व भाग. सकाळ. यंत्रमागांचा खडखडाट.)

या भागात सकाळ उजाडते ती या आवाजानं. आत माग, बाहेर ओट्यावर मांडीत सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. त्यातल्या एकीच्या सुपात आज पानांवर एक कागद पडलाय. छातीतल्या गाठीचा रिपोर्ट. मुलीनं वाचून दाखवला: ‘ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह.’ घरात रडारड झाली. करोनानं ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द पार बदनाम करून ठेवलाय.

कॅन्सर आहे, ते खरंच. पण हे दोन शब्द त्या बातमीतला त्यातल्या त्यात बरा भाग आहेत.

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. पेशीच्या केंद्रकातलं एक प्रथिन. इस्ट्रोजेन हे मुख्यतः बीजकोशात बनणारं बायकांचं संप्रेरक. रक्तातून आलेलं इस्ट्रोजेन या प्रथिनाला चिकटतं, मग अशी दोन प्रथिनं जोडीनं डीएनएवर बसतात आणि ठरावीक जनुकं कामाला लागतात. पीआर, म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर, हा त्याच कामातून तयार होणारा माल. तो दिसला की ईआर नुसता बसून नाही, राबतोय, एवढं कळतं.

निरोगी स्तनात हा रिसेप्टर थोड्याच पेशींत असतो. आणि गंमत अशी, की त्या पेशी स्वतः सहसा वाढत नाहीत. शेजारणींना इशारा देतात, वाढतात त्या शेजारणी. गिरणीतला मुकादम जसा, हुकूम देणारा, मागाला हात न लावणारा. कॅन्सरमध्ये ही घडी मोडते. मुकादम स्वतःच मागावर बसतो. हुकूमही त्याचा, कामही त्याचंच. थांबवणार कोण? पेशी जितक्या वेळा विभागते, तितक्या वेळा डीएनएची नक्कल चुकायची संधी. म्हणून पाळी लवकर सुरू झालेल्या किंवा उशिरा थांबलेल्या बाईला धोका थोडा जास्त.

(दृश्य: प्रयोगशाळा. काचपट्टीवर तपकिरी ठिपके.)

हे कोडं सुटायला वेळ लागला. १८९६ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी बीजकोश काढल्यावर स्तनातली गाठ आटल्याचं लिहिलं, तेव्हा इस्ट्रोजेन कुणाला माहीतही नव्हतं. रिसेप्टरचा माग शिकागोत एलवूड जेन्सन यांनी काढला, किरणोत्सारी खूण लावलेलं इस्ट्रोजेन वापरून.

आज तपासणी सोपी. केंद्रकं तपकिरी रंगली, की पॉझिटिव्ह. शंभरात एक रंगलं तरी. पण घोळ होतो तो त्याच्या आधी, बाटलीत. काढलेला तुकडा तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रावणात, पडायला हवा. नुसत्या सलाइनमध्ये, चाळीस अंशांच्या सोलापुरी उन्हात, एसटीनं फिरून आलेल्या तुकड्यातला रिसेप्टर मरतो. रिपोर्ट येतो ‘निगेटिव्ह’, आणि जी गोळी लागू पडली असती ती लिहिलीच जात नाही. बाटलीत काय आहे, हे नातेवाइकांनी विचारावं. डॉक्टर रागावले तरी.

(दृश्य: पुन्हा ओटा. संध्याकाळ.)

शस्त्रक्रिया झाली. पुढचे उपचार बार्शीला. त्याच बार्शीत १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. आता रोज एक गोळी, निदान पाच वर्षं.

‘पाळी जाऊन सहा वर्षं झाली की. आता कुठलं आलंय ते इस्ट्रोजेन?’ तिचा प्रश्न बिनतोड आहे. बीजकोश थांबले, तरी शरीरातली चरबी थांबत नाही. अरोमाटेज नावाचं विकर तिथं दुसऱ्या संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन बनवत राहतं. तिची लेट्रोझोल ही गोळी त्या विकरालाच अडवते. पाळी चालू असलेल्या बाईला सहसा टॅमॉक्सिफेन देतात. ते रिसेप्टरची जागाच अडवून बसतं.

‘गाठ तर काढली. मग?’

एखादी पेशी हाडात, यकृतात जाऊन गप्प बसलेली असू शकते. हा प्रकार दहा वर्षांनीही डोकं वर काढतो. शिवाय या गोळीनं सांधे दुखतात, म्हणून बायका ती मध्येच सोडतात. तिचेही दुखतात. विड्या वळणारी बोटं सकाळी आखडतात.

मुलीनं गोळ्यांची पट्टी सुपातच ठेवलीय, दोऱ्याच्या रिळाशेजारी. सूप मांडीवर घेतलं की आधी गोळी, मग पहिलं पान.