जनीच्या गोवऱ्या

नमस्कार श्रोतेहो. आषाढी जवळ आली, की ज्ञानोबा-तुकोबांविषयी आपण पुष्कळ ऐकतो. मला आज जनीबद्दल बोलायचंय. संत जनाबाई.

गोदाकाठच्या गंगाखेडची ही पोर. लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी आली आणि जन्मभर तिथंच राबली. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, शेण. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत आणि त्यांत ती आपली ओळख सांगते ती एवढीच: नामयाची दासी जनी.

आता एक गोष्ट सांगतो. माझ्या आजीनं सांगितलेली, आणि मी सांगताना थकत नाही अशी.

जनीची कीर्ती ऐकून कबीर काशीहून पंढरपुरात आले. गावाबाहेर पाहतात तर दोन बायका भांडतायत. कशावरून? गोवऱ्यांवरून! "ही माझी", "नाही, माझी." कबीरांनी विचारलं, "बाई, जनाबाई कुठं भेटेल?" त्यातली एक पदर खोचत म्हणाली, "मीच जनी. काय काम आहे?"

कबीर गप्पच झाले. हिच्यासाठी एवढे कोस चाललो? जनी म्हणाली, "बाबा, आलाच आहात तर निवाडा करा. दोघींच्या गोवऱ्या एकत्र झाल्यात. तेवढ्या वेगळ्या करून द्या." "कशा करू? सगळ्या सारख्याच." "सोपं आहे. एकेक कानाला लावा. जिच्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू येईल ती माझी. बाकीच्या हिच्या."

कबीरांनी एक उचलली, कानाशी धरली. काही नाही. बाजूला ठेवली. दुसरी उचलली... आणि हात तिथंच थांबला. विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल.

इथं आजी थांबायची. चुलीपुढच्या ढिगातली एक गोवरी मी गुपचूप कानाला लावून पाहिली होती, हेही सांगून टाकतो.

अभ्यासक म्हणतात, जनाबाईंची समाधी १३५० सालची, कबीर पुढच्या शतकातले. ही भेट शक्य नाही. बरोबर आहे. पण गोष्ट रचणाऱ्यांनी काशीहून नेमका विणकर आणला, पंडित नाही! मागावर बसून दोहे रचणाऱ्यालाच गोवरीतलं नाम ऐकू येणार, हे त्यांना ठाऊक होतं.

थापताना नाम. दळताना नाम. काम उरकून मग देव, असं जनीकडे नाही. 'दळिता कांडिता, तुज गाईन अनंता.' हा अभंग हल्ली मंचावर फार धावत म्हणतात, ते माझ्या कानाला सोसत नाही. तबल्याची लग्गी कशाला हवी? जात्याचा खुंटा धरलेली बाई धावत नसते. फेरा पुरा होतो, मूठभर दाण्यांची वैरण पडते, मग पुढचा शब्द येतो. तसा म्हणा एकदा.

आणि हीच जनी, दळणातून पाठ वर न झालेली, म्हणते:

डोईचा पदर आला खांद्यावरी,
भरल्या बाजारी जाईन मी.
हाती घेईन टाळ, खांद्यावरी वीणा,
आता मज मना कोण करी?

सातशे वर्षांपूर्वी! एक दासी, भर बाजारात, खांद्यावर वीणा घेऊन. कोण मना करी?

पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईंचं म्हणून एक जातं दाखवतात. यंदा वारीला गेलात तर तिथवर जा. खुंटा धरा, एक फेरा द्या, सावकाश. नमस्कार.